बाप तारण नव्हता दिला

बाबांच्या पायात त्या दिवशी नवी चप्पल होती. तपकिरी, दोन पट्ट्यांची, पुलगावच्या बाजारातून घासाघीस करून आणलेली. आम्ही नाचणगावहून पुलगावला आलो आणि वर्ध्याच्या एसटीत बसलो तेव्हा ते सारखे पायाकडे बघत होते. मी विचारलं, चावते का? म्हणाले, "नाई. नवी हाये, आवाज करून राह्यली."

मी अठरा वर्षांची होते. वर्ध्याच्या एका सभागृहात बँकेचा शैक्षणिक कर्ज वाटप मेळावा होता. यादीत माझं नाव होतं. खुर्च्यांना पांढरी कापडं, स्टेजवर लाल गालिचा, गालिच्यावर सोफे, सोफ्यांवर साहेब. नाव पुकारलं तसे आम्ही दोघं स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेलो. तिथं छातीला बिल्ला लावलेला बँकेचा एक माणूस उभा होता. त्यानं बाबांच्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल इथं काढा. वर गालिचा आहे, मान्यवर बसले आहेत."

मान्यवरांच्या पायात बूट होते. खालून नीट दिसत होते. पॉलिश केलेले.

बाबा थांबले. एक पाय पहिल्या पायरीवर, एक खाली. माइकवरून आमचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. सगळं सभागृह आमच्याकडे बघायला लागलं. आणि मग मी बोलले. बिल्लेवाला एकदाच बोलून गप्प झाला होता. मी बोलले.

"काढा न बाबा. टाईम नाई."

त्यांनी काढली. मीही माझ्या सँडल काढल्या. आम्ही वर गेलो.

वर आमच्या हातात पुठ्ठ्याचा भलामोठा चेक दिला. दाराच्या फळीएवढा. बाबा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "हा एसटीत मावन का?" मला हसू आलं. मॅनेजर माइकवर बोलत होते. "या काकांकडे तारण द्यायला काही नाही. शेत नाही, धड घर नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतात. फक्त एक हुशार मुलगी आहे. तरी आपल्या बँकेनं माणुसकी दाखवली." टाळ्या पडल्या. मीही वाजवायला गेले, पण हातात चेक होता.

मग फोटोवाला पुढे आला. मॅनेजरनी बाबांच्या खांद्याला एक बोट लावलं आणि सांगितलं, "हात जोडा काका, साहेबांकडे बघून. फोटोत चांगलं दिसतं." तोवर चेक आम्ही दोघांनी धरला होता. आता मी एकटीनं धरला. बाबांनी हात जोडले.

खाली उतरलो तर त्याच बिल्लेवाल्यानं चेक काढून घेतला. पुढच्याला लागतो म्हणाला. एकच बनवला होता. बाबांची चप्पल जागेवर नव्हती. आमच्याआधी पाच-सहा बाप अनवाणी वर जाऊन आले होते, त्यातल्याच कोणीतरी घातली असेल. माझ्या सँडल होत्या, झिजलेल्या होत्या म्हणून राहिल्या. आम्ही खुर्च्यांखाली शोधलं, दारापाशी शोधलं. शेवटी तसेच निघालो. ऑक्टोबरचं ऊन. स्टँडवरच्या डांबरावरून बाबा टाचा उचलत चालत होते. मी रडकुंडीला आले तर म्हणाले, "जाऊ दे. चावतच होती ते."

एवढीच गोष्ट. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. उलट कर्ज दिलं, टाळ्या वाजवल्या, वर समोसा आणि चहा दिला. अपमान झाला हे मला तेव्हा कळलंही नाही. कळायला नऊ वर्षं लागली.

आमच्या घरात एक रीत आहे. माझ्या आज्याच्या तरुणपणी गावातल्या वरच्या आळीतून जाताना आमच्या लोकांना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. आजा नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आला. आल्यावर तो पायात वहाणा घालून त्या आळीतून चालत गेला. त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, पुन्हा मार खाल्ला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला. मग मारणारे थकले. तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम. चप्पल दोनच जागी काढायची, घरात आणि विहारात. माणसासमोर काढायची नाही, मग तो कोणी का असेना. बाबांनी जिनिंगच्या शेठपुढे कधी काढली नाही. त्याच्या ऑफिसच्या दारात उभं राहून हजेरी सांगायचे, पण आत जात नसत.

ही रीत मला माहीत होती. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. तरी मी म्हणाले, काढा न बाबा.

कर्ज घ्यावं का लागलं, तर त्यातही आमचीच चूक. आमच्यासारख्यांनाच करता येईल अशी चूक. बारावीला मला चांगले मार्क होते. इंजिनियरिंगला राखीव जागा मिळत होती, फी सरकार भरणार होतं. आमच्याकडे जातीचा दाखला होता. बाबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत, गादीखाली जपून ठेवलेला. आम्हाला वाटलं, दाखला आहे म्हणजे झालं. दाखला वेगळा आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेगळं, हे आम्हाला प्रवेशाच्या खिडकीवर कळलं. पडताळणीला आज्याचा शाळेचा दाखला मागितला. आजा शाळेत गेलाच नव्हता. त्याला शाळेत घेतलं नव्हतं कारण तो महार होता, आणि आता तो महार होता हे सिद्ध करायला शाळेचा दाखला पाहिजे होता.

गावातल्या शेंबड्या पोरालाही आमची जात पाठ होती. फक्त पडताळणीच्या समितीला माहीत नव्हती. बाबा देवळीच्या तहसीलला किती खेपा घालत होते ते मी मोजलं नाही. शेवटी जुन्या कोतवाल बुकातली आज्याच्या जन्माची नोंद सापडली, तिची नक्कल मिळाली, प्रमाणपत्र आलं. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. कॉलेजच्या हातातली एक उरलेली जागा होती, नागपूरला, पूर्ण फीची. तिला शिष्यवृत्ती लागू नव्हती. एक वर्ष थांबावं असं आई म्हणत होती. मी थांबले नाही. मला वाटलं, थांबले तर माझं लग्न करून टाकतील. बाबा म्हणाले, "कर्ज काढू. पोट्टीचं वरीस काऊन वाया घालवायचं?"

मेळाव्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. मी तो कापून वहीत ठेवला. होस्टेलवर मैत्रिणींना दाखवला. पुढे बँकेनं तो मोठा करून काचेत बसवला आणि आमच्या पुलगावच्या शाखेत, शैक्षणिक कर्जाच्या खिडकीवर लावला. खाली लिहिलं होतं, स्वप्नांना आधार. दर वर्षी फीचे पैसे सुटायच्या वेळी मी शाखेत जायचे आणि त्या फोटोखाली रांगेत उभी राहायचे. चेक फार मोठा असल्यामुळे फोटोवाल्याला मागे सरकावं लागलं होतं, म्हणून आम्ही पायांसकट आलो होतो. एका ओळीत चार जोड बूट आणि मध्ये बाबांचे पाय. टाचेला भेगा. अंगठ्याचं नख कापसाच्या गाठीखाली सापडून काळं झालेलं. सुरुवातीला मी चेहरे बघायचे. नंतर नंतर पायच दिसायला लागले.

बाबा कधी सोबत आले नाहीत. कर्जावर त्यांचीही सही होती, त्यांनी यायला हवं होतं. जिनिंगमधून सुट्टी भेटत नाही म्हणायचे. कागद घरी मागवून सही करायचे आणि शेजारच्या मामांच्या हाती पाठवायचे. मला राग यायचा. वाटायचं, पोरगी एकटी नागपूरहून येते, यांना अर्धा दिवस काढता येत नाही.

कॉलेजात मी सिव्हिल घेतलं होतं. सर्व्हेच्या तासाला लेव्हलच्या दुर्बिणीतून पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते काम आवडलं. पण जीव लागला तो पाण्यात. शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी मी नाचणगावच्या आसपासच्या जुन्या विहिरींची पाणीपातळी मोजली. आठवडी सुट्टीला बाबा माझ्यासोबत यायचे. टेप एका विहिरीत पडला, नवा घ्यायला पैसे नव्हते, तर त्यांनी जिनिंगमधून कापसाच्या गाठी बांधायची सुताची दोरी आणली. हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दगड पाण्याला टेकला की ते डोळे मिटून दोरी वर ओढायचे आणि बोटांनी गाठी मोजायचे. मी वहीत लिहायचे. त्यातल्या बऱ्याच विहिरींवर त्यांच्या बापाला पाणी भरू दिलं नव्हतं. एका विहिरीपाशी ते बराच वेळ वाकून आत बघत राहिले. म्हणाले, "पाणी तर सारखंच हाये बाप्पा."

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. हे लिहिताना मला रडू येतं आहे, ते लपवत नाही.

माझ्या कॉलेजच्या मॅडमनी तो प्रकल्प पाहून मला भूजलातलं पुढचं शिक्षण घ्यायला लावलं. परीक्षा दिली, जागा मिळाली. विद्यावेतन मिळणार होतं, पोटापुरतं. पण पदवी झाल्यावर एका वर्षात हप्ता सुरू होणार होता, आणि पोटापुरत्या पैशातून हप्ता निघत नाही. पुढे शिकत असेपर्यंत हप्ता थांबवून मागता येतो, तसा नियम आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. त्या खिडकीपाशी गेलं की माझ्या तोंडून आभाराशिवाय शब्द निघत नसे. पुलगावच्या स्टँडवर उभी राहून मी मॅडमना फोन केला आणि घरची अडचण आहे म्हणून सांगितलं. त्यांनी फार विचारलं नाही. माझी गाडी लागली होती.

मी पुण्याला एका बिल्डरकडे लागले. साइटवर, पत्र्याच्या कंटेनरमधल्या ऑफिसात बसून बिलं तपासायची. किती टाइल्स आल्या, किती फुटल्या, किती कमोड बसले. विहिरी मोजणारी मी चार वर्षं कमोड मोजत होते. काम वाईट नव्हतं, लोक वाईट नव्हते. पण मी ते निवडलं नव्हतं. महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता जायचा आणि मोबाइल वाजायचा. तीन तारखेपासून मी खात्यातली शिल्लक दिवसातून दहादा बघायचे. रूमवरच्या मुली वाढदिवसाला बाहेर जेवायला निघाल्या की माझं डोकं दुखायचं, खरंच दुखायचं. डॉक्टर म्हणाला, टेन्शन घेऊ नका. मुकादम एकदा मजुराला चारचौघांत घाण बोलला आणि मी मान खाली घालून टाइल्स मोजत राहिले. नोकरी गेली तर पाच तारीख कशी निघणार, एवढंच डोक्यात आलं. आज्याची नात आहे मी. मला माझी किळस आली.

मधल्या काळात एक स्थळ आलं. हिंगणघाटचं, आपल्याच समाजाचं, मुलगा सरकारी नोकरीत. भिंतीवर आमच्या घरात आहे तोच निळ्या कोटातला फोटो त्यांच्याही घरात. बैठकीत सगळं छान चाललं होतं. चहा झाल्यावर मुलाच्या काकांनी बाबांना विचारलं, मुलीच्या कर्जाचे हप्ते अजून किती वर्षं आहेत. बाबांनी सांगितलं. ते म्हणाले, कळवतो. कळवलं नाही. आपलीच माणसं होती, म्हणून जास्त लागलं.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. कापसाच्या धुरळ्यात तीस वर्षं काढलेली, छाती आतून भरून आली होती. त्यांना दम लागत होता हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. मी पुण्याहून पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "ते म्हणत, पोरीचा हप्ता जाऊ दे, मंग सांगजो. एक गेला का दुसरा येये." पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना चालू होती आणि माझ्या पर्समध्ये मोबाइल वाजला. पाच तारीख होती. मी पर्स उघडून पाहिलंही नाही. आवाजावरून कळलं.

त्यानंतर मी बरेच महिने नीट झोपले नाही, कोणाशी नीट बोलले नाही. साइटवर जायचे, यायचे. मला सारखी ती दोरी आठवायची. मग मी कोणाला न सांगता पुन्हा परीक्षेला बसले. पुन्हा जागा मिळाली. तेच शिक्षण, तेच पाणी. यावेळी नियम मी स्वतः शोधून वाचला. बाबा गेल्यामुळे कर्जाच्या कागदांवर आईची सहीही द्यायची राहिली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही मायलेकी मिळून शाखेत गेलो.

मॅनेजर नवीन होते. तरुण, हसतमुख. बसा म्हणाले, पाणी मागवलं. त्यांच्या केबिनला दार नव्हतं, समोरच ती खिडकी आणि वर तो फोटो. आई खुर्चीत अशी बसली की पाठ तिकडे राहील. मी अर्ज पुढे केला. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं.

"अहो, म्हणजे या तुम्ही? आमची सक्सेस स्टोरी."

मग ते खुलून बोलायला लागले. नियम आहे, बरोबर आहे. पण वर शिफारस त्यांची जाते. यंदाचा मेळावा त्यांना मोठा करायचा होता, वरचे साहेब येणार होते. तुम्ही आणि आई या, म्हणाले. स्टेजवर दोन शब्द बोला, कुठून कुठं आलात ते सांगा. बाबांचा हाच फोटो मागे मोठ्या पडद्यावर लावू. बाबा आता नाहीत हेही सांगा, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. "तेवढं झालं की तुमची फाइल मी स्वतः घेऊन जातो."

ते वाईट मनानं बोलत नव्हते. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करताहेत. आणि मी, मला सांगायला लाज वाटते, मी मनात हिशेब केला. दहा मिनिटं स्टेजवर. त्या बदल्यात दोन वर्षं. माझ्या तोंडात हो आलं होतं.

तेवढ्यात आई बोलली. आई बँकेत कधी बोलत नाही.

"वर जातांनी चप्पल काढा लागन का, साहेब?"

मॅनेजर हसले. म्हणाले, गालिचा असतो, त्यामुळं काढतात सगळे, त्यात काय एवढं. आईनं मान हलवली. मग ती त्यांच्याकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलली. अगदी हळू.

"हा फोटो लागला तवापासून तुया बाबानं या बँकेत पाय नाई ठेवला. जिनिंगले जायाचा रस्ता इथूनच होता. ते रेल्वे फाटकाच्या तिकून फिरून जाये. मरेपावतो."

मी विचारलं, मला कधी का नाही सांगितलं?

"ते म्हणे, पोरीले कळलं तर तिले वाटन का आपल्यापायी झालं."

म्हणजे माझं ते बोलणं त्यांना लागलं होतं. काढा न बाबा, टाईम नाई. ते विसरले नव्हते, आणि मला ते आठवू नये म्हणून काही न सांगता सात वर्षं फाटकाला वळसा घालून कामावर जात होते. खांद्यावर गाठी वाहायला. आणि मी त्यांच्यावर चिडत होते, सुट्टी काढत नाहीत म्हणून.

मी उठले. माझी खुर्ची उचलली आणि त्या खिडकीखाली नेऊन ठेवली. खुर्चीवर चढले. रांगेतले लोक बघायला लागले. दारावरचा गार्ड धावत आला आणि म्हणाला, "ताई, चप्पल. खुर्ची खराब होईल." मी चप्पल काढली नाही. तशीच उभी राहिले, हात वर केले आणि फोटो खिळ्यावरून काढला. मागे भिंतीवर चौकोन राहिला, बाकी भिंतीपेक्षा स्वच्छ. एक कोळी पळाला.

फ्रेम मॅनेजरच्या टेबलावर उलटी ठेवली. मागच्या पट्ट्या वाकवल्या, पुठ्ठा काढला, फोटो काढला. बोट कापलं, ते नंतर दिसलं. मॅनेजर उभे राहिले होते. मॅडम, ही बँकेची मालमत्ता आहे, असं काहीतरी म्हणत होते. शिकले तेवढी प्रमाण भाषा मला येते. पण त्या वेळी ती तोंडात आली नाही.

"फ्रेम तुमची हाये, ठेवा. कर्ज म्या घेतलं, म्या फेडीन. बाप तारण नव्हता देला."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आईला वाट करून दिली, एवढंच. निघण्याआधी मी टेबलावरचा माझा अर्ज उचलला आणि खिडकीवर गेले. तिथं दुसरा लिहिला. त्यात विनंती, कृपा, आभारी हे शब्द नव्हते. नियमाचा उल्लेख होता आणि खाली माझी सही होती. त्याची पोच घेतली, शिक्का मारून.

फोटो घरी आणू नको, असं आई रस्त्यात म्हणाली. मग म्हणाली, दाखव. तिनं तो नऊ वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. पायांवरून बोट फिरवलं. कात्री आणून तिनं त्यातून बाबा तेवढे कापून घेतले, डोक्यापासून कमरेपर्यंत. जोडलेले हात मात्र कापता येत नव्हते, छातीवरच होते. ते तसेच राहिले. साहेब, बूट, चेक आणि मी, सगळं तिनं चुलीत घातलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी त्या फोटोत नसते तर बरं झालं असतं.

अर्जाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. नामंजूर. कारण एका ओळीत, शाखेची शिफारस प्राप्त नाही. मी वरच्या कार्यालयात तक्रार केली आहे, ती कुठंतरी पडून आहे. तोवर प्रवेशाची तारीख गेली. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मी पुण्याला परतले, त्याच कंटेनरमध्ये, त्याच टाइल्स. मला काही मिळालं असं मी म्हणणार नाही. बाबा परत आले नाहीत, वर्षं परत आली नाहीत. तीन तारखेपासून अजूनही शिल्लक बघत बसते. कधीकधी टाइल्सचे खोके मोजता मोजता माझी बोटं आपोआप थांबतात, गाठ लागल्यासारखी, आणि मग मला बाहेर उन्हात जाऊन उभं राहावं लागतं.

पण मुकादम पुन्हा एका मजुराला तसं बोलला तेव्हा मी टाइल्स मोजायचं थांबवलं आणि सगळ्यांसमोर त्याला माफी मागायला लावली. नोकरी गेली असती. गेली नाही. गेली असती तरी मी तेच केलं असतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसणार आहे, आणि अर्जही तोच करणार आहे, त्याच शब्दांत. ते नाही म्हणतील तितक्या वेळा करीन. आजा त्या आळीतून एकदाच चालला नव्हता.

आणि यंदाचा मेळावा दिवाळीनंतर आहे. त्याच सभागृहात. शेजारच्या मामांनी फोन करून सांगितलं, शाखेत फलक लागला आहे. मला बोलावलेलं नाही. मी सुट्टी टाकली आहे, पुणे-वर्धा तिकीट काढलं आहे. मी स्टेजवर जाणार नाही, माइक मागणार नाही. बिल्लेवाला उभा असतो त्या पायऱ्यांपाशी, त्याच्या शेजारी उभी राहीन. हाताला धरून बाहेर काढलं तर सभागृहाच्या दारात उभी राहीन. नाव पुकारलं जाईल. कोणीतरी बाप खाली वाकेल, सोबतच्या पोरीला घाई झालेली असेल. ती तोंड उघडायच्या आत मी बोलेन.

"काका, काढू नोका. घालूनच जा वर."